दुकान उघडं, दार बंद

एखाद्या दुकानाला पायऱ्या असल्या आणि चाकाच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक खालीच अडलं, तर ते आपल्या नजरेस पडतं. कोणीतरी पुढे होऊन हात देतं. दुकान इंटरनेटवर असेल, तर मात्र अडलेलं गिऱ्हाईक कोणालाच दिसत नाही. ते मुकाट्यानं निघून जातं आणि दुकानदाराला वाटतं, ते आलंच नव्हतं!

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइलवर खरेदी कशी करते, हे आधी पाहू. आपल्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय असते. अँड्रॉइड फोनवर तिला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. पडद्यावरून बोट फिरवलं, की बोटाखाली जे असेल ते ऐकू येतं. हा आवाज मुख्यतः वाचतो ती संकेतस्थळ बनवणाऱ्यानं आत लिहून ठेवलेली नावं. बटणाला नाव दिलं असेल, तर 'पैसे भरा, बटण' असं ऐकू येतं. नुसतंच चित्र चिकटवलं असेल, तर पुष्कळदा एवढंच ऐकू येतं : 'बटण'. आता हे बटण मागवण्याचं की रद्द करण्याचं? पैशाच्या व्यवहारात असा अंदाज कोण बांधणार?

अडचण केवळ दृष्टिहीनांची नाही. ऐकू न येणाऱ्याला चित्रफितीखाली मजकूर हवा. हात थरथरत असेल, तर बटण मोठं हवं आणि ओटीपी भरायला पुरेसा वेळ हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तर आपल्या घरातल्या आजी-आजोबांनाही वाचवत नाहीत.

ही कामं उपकार म्हणून करायची नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. सेवा सरकारी असो वा खासगी, ती सर्वांना वापरता येईल अशी द्यावी, हे त्यातलं ४६ वं कलम सांगतं. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुढच्या प्रत्येक वेळी तो पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातो. संगणकीय सेवांसाठी 'आयएस १७८०२' हे भारतीय मानकही तयार आहे.

या कायद्याला धार आली ती एका साध्या प्रसंगातून. प्रज्ञा प्रसून या अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या. २०२३ मध्ये बँकेत खातं उघडायला गेल्या, तेव्हा 'समोरची व्यक्ती जिवंत आहे' हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटायला सांगण्यात आलं. हल्ल्यात डोळ्यांना झालेल्या इजेमुळे त्यांना ते शक्यच नव्हतं. बाई समोर उभ्या, आणि यंत्राला त्या जिवंत असल्याचा पुरावा हवा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठानं सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणी मिटण्याला पर्याय द्या, संकेतस्थळं ठरावीक काळानं तपासून घ्या, अशा वीस सूचना न्यायालयानं दिल्या.

छोट्या व्यावसायिकांना वाटेल, हा खर्च आपल्याला कसा झेपणार? संकेतस्थळ बनवतानाच बटणांना नावं दिली, चित्रांना वर्णनं जोडली, अक्षरं ठळक ठेवली, तर खर्च फारसा येत नाही. इमारत बांधताना उतार करणं सोपं. बांधून झाल्यावर पायऱ्या फोडणं महाग.

तुमचं असं दुकान असेल, तर आज एक करून पाहा. टॉकबॅक बंद कसं करायचं हे आधी शिकून घ्या, नाहीतर पंचाईत होईल! मग ते सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून एक वस्तू मागवा. जिथे बोट अडखळेल, तिथेच तुमचं गिऱ्हाईक परत फिरतं आहे.