स्लॅबचं आयुष्य आणि कार्बनचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि लातूर-नांदेडकडच्या माणसाला माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, धास्तीच बसली. तो स्लॅबकडे वळला, हे साहजिकच होतं. पण सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून एकदा बांधलेलं टिकवणं मोलाचं. तीस वर्षांत पाडावा लागणारा स्लॅब साठ वर्षं टिकला, तर वर्षागणिक भार निम्मा होतो.

परळीसारख्या औष्णिक केंद्रांतली राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट मला पसंत आहे, कारण त्यात भट्टीतला माल कमी लागतो. मात्र ते सावकाश ताकद धरतं. त्याला किमान १० दिवस ओलावा हवाच. टँकरच्या दिवसांत पाणी मारणं बऱ्याचदा आधीच थांबतं. मग वरचा थर सच्छिद्र राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, काँक्रीटची अल्कता घटते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिक झाकलं, तर थोड्या पाण्यातही भागतं. सळईभोवती काँक्रीटचा पुरेसा थर राहावा म्हणून तिच्याखाली मात्र नीट कव्हर ब्लॉकच ठेवायला सांगा, खडीचा तुकडा नको.