हजेरीपटातील नाव : मिलिसेंट फॉसेट यांचे जीवनकार्य



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. हजेरी घेताना त्या प्रत्येक मुलीचे पूर्ण नाव सावकाश उच्चारीत. एखाद्या मुलीचा उल्लेख कोणी ‘अमक्यांची मुलगी’ असा केला, तर त्या मध्येच थांबवून म्हणत, “तिला नाव आहे.” त्या वयात मला हा शिस्तीचा एक भाग वाटे. त्या तीन शब्दांचे मोल मला कळले ते फार पुढे, ब्रिटनमधील स्त्री-मताधिकाराच्या चळवळीचा इतिहास वाचताना. म्हणून आज मिलिसेंट गॅरेट फॉसेट यांचे चरित्र मी आपणापुढे मांडणार आहे.

त्यांनीच सांगितलेल्या एका प्रसंगापासून आरंभ करतो. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर एका चोरट्याने त्यांचे पैशांचे पाकीट लांबविले. चोर पकडला गेला. न्यायालयात आरोप वाचला गेला तो असा, की त्याने मिलिसेंट फॉसेट यांच्याजवळून हेन्री फॉसेट यांच्या मालकीचे पाकीट चोरले. पाकीट बाईंचे, पण मालक पती! त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची मानली जाई. आरोप ऐकताना जणू आपणच चोर ठरलो, असे त्यांना वाटले. हा कायदा मुळापासून बदलण्यास १८८२ साल उजाडावे लागले.

मिलिसेंट यांचा जन्म ११ जून १८४७ रोजी सफोक परगण्यातील ऑल्डबरो या सागरकाठच्या गावी झाला. त्यांची थोरली बहीण एलिझाबेथ हिने १८६५ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळविला. पुढे लंडनच्या ज्या स्त्री-वैद्यकीय विद्यालयाची ती प्रमुख झाली, तेथेच आपल्या डॉ. रखमाबाईंनी शिक्षण घेतले. १८६७ मध्ये मिलिसेंट यांचा विवाह हेन्री फॉसेट यांच्याशी झाला. हेन्री अंध होते, तरी केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि संसदेचे सदस्य होते. हिंदुस्थानच्या तिजोरीवर लादल्या जाणाऱ्या अन्याय्य खर्चाविरुद्ध ते इतके बोलत, की संसदेत त्यांना ‘हिंदुस्थानचे सदस्य’ म्हटले जाई.

त्याच वर्षी, मे महिन्यात, जॉन स्टुअर्ट मिल यांनी मताधिकाराच्या विधेयकात ‘पुरुष’ या शब्दाऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती मांडली. बदल एका शब्दाचाच होता, पण ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी लंडनमधील एका जाहीर सभेत बावीस वर्षांच्या मिलिसेंटबाई बोलल्या. यावर एका संसद-सदस्याने सभागृहात खेद व्यक्त केला, की दोन सदस्यांच्या पत्नींनी जाहीर भाषण करून स्वतःची अप्रतिष्ठा केली. आणि नावे घेऊन ती अधिक वाढविण्याची आपली इच्छा नाही, असेही ते म्हणाले. नाव न घेणे हाच येथे सभ्यपणा ठरला!

त्यांच्या कन्येची, फिलिपाची, कथा आपणा मराठी माणसांना विशेष जवळची वाटावी. १८९० मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तिचे गुण सर्व पुरुष परीक्षार्थींहून अधिक होते. यादी वाचताना तिचे स्थान ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असे जाहीर झाले. परंतु सीनियर रँग्लर ही पदवी तिला लाभली नाही, आणि विद्यापीठाची उपाधीही नाही. नऊ वर्षांनी कोकणातून गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले. जित राष्ट्राच्या पुत्रास जो मान मिळू शकला, तो राज्यकर्त्यांच्या कन्येस मिळाला नव्हता. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये.

श्रोतेहो, एवढा विलंब का झाला, हे समजून घेतले पाहिजे. मताधिकाराची विधेयके बहुधा खाजगी सदस्यांची असत. १८७० मध्ये असे विधेयक दुसऱ्या वाचनात १२४ विरुद्ध ९१ मतांनी संमत झाले. पण पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा विरोध प्रकट होताच पुढच्या टप्प्यात ते बुडाले. सरकारने वेळ दिल्याविना नुसत्या सहानुभूतीचा उपयोग नसतो, हा धडा बाईंना पुनःपुन्हा मिळाला. १८९७ मध्ये देशभरातील संस्थांचा संघ स्थापन झाला आणि १९०७ मध्ये त्या त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीस तीन हजारांवर स्त्रिया लंडनच्या चिखलातून मिरवणुकीने चालल्या. पँकहर्स्ट मायलेकींनी काचा फोडण्याचा आणि तुरुंगवासाचा मार्ग धरला. बाईंनी सभा, अर्ज, मतदारसंघनिहाय संघटना यांचा मार्ग सोडला नाही. तरुणपणी मला पँकहर्स्ट यांचे तेज मोहवीत असे आणि फॉसेटबाई मवाळ वाटत. आज वाटते, तुरुंगात जाण्यास जसे धैर्य लागते, तसेच पराभवानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्रे लिहावयास बसण्यासही लागते.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साम्राज्यावर त्यांची श्रद्धा होती. आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांनी विरोध केला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर स्त्रिया-मुलांच्या छावण्यांची पाहणी करणाऱ्या समितीच्या त्या प्रमुख होत्या. समितीने अन्न, परिचारिका, स्वच्छता यांविषयी सुधारणा सुचविल्या. पण त्या छावण्या ज्या युद्धातून उभ्या राहिल्या, त्या युद्धाचा न्याय बाईंनी तपासला नाही. स्वतःच्या नावासाठी झगडणाऱ्यालाही दुसऱ्याचे नाव ऐकू येतेच असे नाही.

६ फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांना वयाची अट एकवीसच होती. युद्धकाळात कारखान्यांत राबलेल्या तरुण मुली वगळल्या गेल्या. बाईंनी ही तडजोड स्वीकारली, पण शेवट मानली नाही. १९२८ मध्ये स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाला, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या फॉसेटबाई संसदेत उपस्थित होत्या. मिल यांची दुरुस्ती फेटाळली गेली, त्यास एकसष्ट वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९२९ रोजी, त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात त्यांचा पुतळा उभारला गेला. त्या चौकातील तो स्त्रीचा पहिला पुतळा होय.

मतदारयादी म्हणजे तरी काय? ती राष्ट्राचा हजेरीपटच होय. त्यात आपल्या नावाने उभे राहावयाचे आणि पुकारा होताच ‘हजर’ म्हणावयाचे, एवढ्यासाठी एका स्त्रीने आयुष्य वेचले. पुढच्या निवडणुकीस यादीत आपले नाव शोधाल, तेव्हा त्या पाकिटाची आठवण ठेवा. आणि ज्यांनी आम्हांस आमची नावे मोठ्याने उच्चारावयास शिकविली, त्या आपल्या बाईंचीही. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.