छताला दिवा लावताना



गेल्या दिवाळीच्या आधी आमची आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडली. हाड मोडले नाही, पण मनगट महिनाभर सुजलेले होते. नवल म्हणजे त्याच आठवड्यात बाबांनी त्या खोलीत नवा मोठा दिवा लावला होता. बाजारात हातगाडीवरून घेतलेला, खोक्यावर कंपनीचे नाव नसलेला. लावला तेव्हा सगळे म्हणाले, "लई उजेड पडला!" आजी मात्र म्हणाली, "कामून गं माय, दिवा एवढा मोठा हाय, मग मला सुपातला खडा कामून दिसंना?"

तिचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. ती पडल्यावर मात्र मी तिच्या पाटावर जाऊन बसले. तेव्हा कळले. दिवा तिच्या पाठीमागे, दाराच्या वर होता. तिचीच सावली सुपात पडत होती. बाहेरून आत येताना तो दिवा थेट डोळ्यांवर यायचा, डोळे दिपायचे आणि खालची पायरी काळी दिसायची. उजेड भरपूर होता, पण तो चुकीच्या जागी होता.

मग माझे मामा आले. ते वायरमनचे काम करतात. त्यांच्याकडून मी जे समजून घेतले ते येथे लिहिते.

पहिली गोष्ट वॅटची. आपण दुकानात जातो आणि विचारतो, "किती वॅटचा आहे?" पण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. तो उजेड किती देतो हे ल्युमेनमध्ये मोजतात. बैल कडबा किती खातो हा वॅट, आणि दिवसभरात नांगरतो किती हा ल्युमेन. दोन्ही आकडे खोक्यावर छापलेले असतात. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब सुमारे 700 ल्युमेन देतो. 9 वॅटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे 900 ल्युमेन देतो. म्हणजे एका वॅटला 100 ल्युमेन. हातगाडीवरच्या दिव्यावर वॅट छापले होते, ल्युमेन नव्हते.

मी वहीत हिशोब केला. 60 वॅटचा बल्ब रोज 5 तास जळला तर 300 वॅट-तास होतात, महिन्याचे 9000. हजार वॅट-तासांना एक युनिट, म्हणजे 9 युनिट. एवढ्याच वेळात 9 वॅटचा बल्ब दीड युनिटही घेत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढचा दर चढा असतो, म्हणून आई दर महिन्याला बिल आले की आधी युनिटच बघते.

आता खोलीला किती उजेड लागतो ते पाहू. एका चौरस मीटर जागेवर 1 ल्युमेन उजेड पडला तर त्याला 1 लक्स म्हणतात. बसण्या-उठण्याला 100 ते 150 लक्स पुरतात, वाचायला साधारण 300 लागतात. आमची माळवदाची खोली 12 फूट बाय 10 फूट, म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. 2000 ल्युमेनची पट्टी लावली तर कागदावर 180 लक्स येतात. प्रत्यक्षात कमी येतात, कारण मातीच्या भिंती आणि काळ्या पडलेल्या तुळया उजेड गिळतात. मामा म्हणाले, "आधी चुना मारा, मग दिवा आणा." चुना मारल्यावर जुन्या दिव्यातच खोली उजळली, हे मी स्वतः पाहिले आहे. मला वाटते, हा सर्वांत स्वस्त दिवा!

आपल्या शिरड शहापुरात तिन्ही तऱ्हेची छते आहेत, आणि योगायोगाने आमच्या एकाच घरात तिन्ही आहेत. पुढची खोली माळवदाची, स्वयंपाकघर पत्र्याचे, आणि मागे बांधलेली एक खोली स्लॅबची. छत बदलले की दिवाही बदलतो.

माळवद बुटके असते. मधोमध बल्ब लोंबकळत ठेवला तर तो उंच माणसाच्या डोक्याला लागतो आणि बसलेल्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून तेथे लांब पट्टीचा दिवा तुळईच्या कडेने लावला. माळवदातून माती झरते, तेव्हा पट्टी वरून बंद असलेली घ्यावी. आमच्याकडे तेथे चोकची जुनी ट्यूब होती. नळी 40 वॅटची आणि चोक धरून जवळजवळ 50. नवी पट्टी 20 वॅटची आहे. जुनी नळी उकिरड्यावर आपटून फोडू नका रे! तिच्यात पारा असतो.

पत्र्याचे घर सर्वांत नाजूक. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापतो, आणि एलईडीच्या आतले छोटे सर्किट उष्णतेने लवकर बिघडते. दिवा पत्र्याला चिकटवून लावला तर तो वर्षभरही टिकेल असे नाही. तो पत्र्याच्या खाली हातभर, भिंतीवर किंवा लाकडी वाशावर घ्यावा. याहून मोठी गोष्ट वायरची. वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो, आणि पावसात तो पत्रा कोणी धरला तर जीव जाऊ शकतो. आमच्या स्वयंपाकघरात अशी एक जागा सापडली. बोटभर वायर उघडी पडली होती आणि त्याच्याच खाली आई ओले कपडे वाळत घालायची. मामांनी मेन बंद केला, वायर बदलली आणि ती प्लॅस्टिकच्या पाइपातून घेतली. तोपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

मामांनी स्विचसुद्धा तपासला. स्विचने फेज तुटली पाहिजे, न्यूट्रल नव्हे. उलटे जोडले असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. एलईडी दिवा बंद केल्यावर रात्री मंद मंद चमकत असेल तर हेही एक कारण असू शकते. अशा वेळी स्वतः हात न लावता वायरमनला बोलवावे.

स्लॅबचे सोपे, पण बांधतानाच लक्ष ठेवावे लागते. स्लॅब भरण्याआधी पाइप आणि दिव्याची डबी योग्य जागी बसवून घ्यावी, नाहीतर पुढे भिंत फोडत बसावे लागते. गोल सपाट दिवे हल्ली सर्वांना आवडतात. त्यांत दोन प्रकार असतात. एक छतात खोबण करून बसवायचा. तो खोट्या छतालाच चालतो. दुसरा वरून स्क्रूने बसवायचा. साध्या स्लॅबला हाच घ्यावा. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण दुकानात दोन फेऱ्या मारतात.

रंगाबद्दल थोडे. खोक्यावर 3000, 4000, 6500 असे आकडे आणि पुढे के असते. 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. एलईडीत आधी लाल आणि हिरवा रंग जमला होता, निळा जमत नव्हता. तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. पुढे 2015 साली सरकारने उजाला योजना काढली आणि असे बल्ब खेड्यापाड्यांत स्वस्तात पोहोचले. पावसाळ्यात निळसर दिव्यावर किडे जास्त जमतात, म्हणून ओसरीला आम्ही पिवळसर दिवा ठेवला आहे. आणि डाळ किंवा हळद निवडायची असेल तेथे खोक्यावर सीआरआय 80 च्या वर आहे का पाहावे. सूर्याचा उजेड 100 धरतात. हा आकडा कमी असला की सगळेच फिके दिसते, आणि हळदीच्या भागात राहून हळदच नीट दिसत नसेल तर काय उपयोग!

खरेदीला आम्ही वसमतला गेलो. दुकानात मी दिवा लावायला सांगितला आणि बाबांचा मोबाइल घेऊन कॅमेऱ्यातून पाहिले. एका दिव्यात पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकत होत्या. म्हणजे तो दिवा भराभर लुकलुकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वाचताना डोके दुखू शकते. दुसऱ्यात पट्ट्या नव्हत्या. तोच घेतला. दुकानदार हसले आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय." खोक्यावर भारतीय मानकाचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिला. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होते, म्हणून किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो तेही पाहिले. पक्की पावती घेतली. पावतीशिवाय गॅरंटी म्हणजे बोलाचाच भात.

खर्च असा झाला: 20 वॅटची पट्टी 220 रुपये, स्वयंपाकघराला 9 वॅटचे दोन बल्ब 160, स्लॅबच्या खोलीला 15 वॅटचा गोल दिवा 350, होल्डर, वायर आणि पाइप 150. एकूण 880. मामांनी मजुरी घेतली नाही, पिठलं-भाकरी खाऊन गेले. तिन्ही खोल्यांचे मिळून 53 वॅट होतात. रोज 5 तास धरले तरी महिन्याला 8 युनिट. एकट्या जुन्या 60 वॅटच्या बल्बला 9 लागत होते!

स्वयंपाकघरात एक मोठा दिवा काढून दोन लहान लावले ते यासाठी, की एकाची सावली दुसरा पुसतो. एक चुलीच्या बाजूला आहे, दुसरा आजीच्या पाटाच्या पुढे, थोडा डावीकडे. उंबऱ्याच्या पायरीवर मी चुन्याची पांढरी पट्टी ओढली आहे. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी बसवल्याची तारीख लिहिली आहे आणि पावती कणगीमागच्या डब्यात ठेवली आहे.

परवा संध्याकाळी आजीने मला हाक मारली आणि तांदळातला एक खडा तळहातावर ठेवून दाखवला. मग म्हणाली, "आता ओसरीचा कधी बदलता? तिथं तुझा आजा पेपर वाचतो."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी