रोहिणखेड : घाटाच्या पायथ्याशी लढलेली सरहद्द

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले गाव. मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासात त्याचे नाव दोन मोठ्या लढायांशी जोडलेले आहे. पहिली १४३७ साली खानदेशचे फारुकी सुलतान आणि बिदरचे बहमनी यांच्यात झाली. दुसरी १५९१ साली अहमदनगरच्या गादीसाठी झाली आणि तीत खानदेशच्या फौजेनेच निकाल फिरवला. दोन्ही वेळा उत्तरेकडची फौज बुऱ्हाणपूरच्या बाजूने आली होती आणि दक्षिणेकडची घाटमाथ्यावरून उतरली होती. दीडशे वर्षांच्या अंतराने एकाच गावाजवळ असे घडले, त्याचे कारण गावाच्या जागेत आहे.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यात नेहमी दोन भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हा घाटावरचा पठारी मुलूख. जुन्या कागदपत्रांत त्याला बालाघाट म्हटले आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या, खोल जमिनीचा सपाट प्रदेश. त्याचे जुने नाव पाईनघाट. पठाराची कड या दोन भागांच्या मधून पूर्व-पश्चिम जाते आणि तीच मोठ्या नद्यांची पाणलोट रेषाही आहे. कडेच्या माथ्यावर मढ येथे बुधनेश्वराजवळ उगम पावणारी पैनगंगा दक्षिण-पूर्वेला वळून गोदावरीच्या खोऱ्यात जाते. कडेवरून उत्तरेकडे उतरणाऱ्या नळगंगा आणि विश्वगंगा पूर्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी तापीतून पश्चिम समुद्राला जाते.

घोडदळ, तोफा, हत्ती आणि बैलांच्या तांड्यांवर लादलेले सामान घेऊन चालणाऱ्या फौजेला ही कड कुठूनही ओलांडता येत नसे. मोजक्या घाटवाटांनीच चढ-उतार करावा लागे. रोहिणखेडचा घाट त्यांतला एक महत्त्वाचा. गाव घाटाच्या तोंडाशी आहे, तर वर पठारावर थोड्याच अंतरावर देऊळघाट हे जुने ठाणे आहे. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर रोहिणखेडच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर येते. त्या दोहोंच्या मध्ये तापी आणि पूर्णा या नद्या आहेत, पण डोंगराचा मोठा अडथळा नाही. दक्षिण-पश्चिमेला दौलताबाद आणि त्यापलीकडे अहमदनगर. त्यामुळे खानदेशातून दख्खनकडे किंवा दख्खनमधून खानदेशाकडे जाणाऱ्या फौजेला याच घाटाचा विचार करावा लागे.

शेजारी आणि सरहद्द

बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले. त्याच्या चार सुभ्यांपैकी, म्हणजे तरफांपैकी, वऱ्हाड हा उत्तरेकडचा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापीच्या खोऱ्यात मलिक राजा फारुकीने थाळनेर येथे आपली सत्ता उभी केली. त्याचा मुलगा नासिरखान १३९९ साली गादीवर आला. त्याने असीरगड मिळवला आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. खानदेशचे राज्य आकाराने लहान होते, पण त्याच्या वाटा मोलाच्या होत्या. माळवा, गुजरात आणि दख्खन या तीन मोठ्या सत्तांच्या मध्ये ते सापडलेले होते. गुजरातच्या सुलतानाचे वर्चस्व मान्य करणे आणि बहमनींशी सोयरीक ठेवणे, अशी दुहेरी कसरत फारुकींना करावी लागे.

बहमनींना वऱ्हाडची काळजी होतीच. सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे मुक्काम करून गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला. हे दोन्ही किल्ले सातपुड्याच्या बाजूने वऱ्हाडचे रक्षण करीत. पश्चिमेची, म्हणजे खानदेशच्या बाजूची सपाट सरहद्द मात्र उघडी राहिली. पूर्णेच्या खोऱ्यात दोन राज्यांना वेगळे करणारी ठळक नैसर्गिक रेषा नव्हती. बळकट सत्ता रेषा पुढे सरकवी, दुबळी झाली की ती मागे येई. मलकापूर हे शहर फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्राने वसवले आणि आपल्या मुलीवरून त्याचे नाव ठेवले, अशी परंपरा सांगितली जाते. खानदेशचा प्रभाव आजच्या बुलढाणा जिल्ह्यात किती आत पोचला होता, याची ती खूण आहे.

१४३७ : खानदेशची स्वारी

नासिरखानाची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिली होती. अलाउद्दीन १४३६ साली गादीवर आला. लवकरच कोकणातल्या मोहिमेतून संगमेश्वरच्या राजाची मुलगी त्याच्या जनानखान्यात आली आणि सुलतानाचे मन तिच्याकडे वळले. अपमानित झालेल्या पट्टराणीने वडिलांकडे तक्रार केली. ‘फेरिश्ता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इतिहासकाराने युद्धाचे कारण असे दिले आहे. पण मुलीचा अपमान हे निमित्त होते, डोळा वऱ्हाडवर होता. नासिरखानाने आधी गुजरातच्या अहमदशहाची संमती मिळवली. मग वऱ्हाडातल्या बहमनी सरदारांशी संधान बांधले. फारुकी घराणे खलिफा उमर फारुक यांचे वंशज म्हणवीत असे, आणि त्या वंशाच्या बाजूने लढणे हे पुण्यकर्म आहे, अशी सरदारांची समजूत घालण्यात आली. अनेक सरदार फुटले. सुभेदार खानजहान बहमनींशी एकनिष्ठ राहिला आणि नरनाळ्याच्या किल्ल्यात अडकला. लढाई न होताच वऱ्हाडचा मोठा भाग खानदेशच्या हाती गेला.

बिदरच्या दरबारात मोहिमेवर कोणी जायचे यावर खल झाला, तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी पुढे आला. मूळचा बसऱ्याचा व्यापारी असलेला हा माणूस अहमदशहाला गादी मिळवून देण्यात उपयोगी पडला होता आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब त्याला मिळाला होता. त्याची एक अट होती : बरोबर फक्त आफाकी, म्हणजे इराण, अरबस्तान आणि मध्य आशियातून आलेले, सैनिक द्यावेत. गुजरातविरुद्ध माहीमला आलेल्या अपयशाचा दोष तो दख्खनी आणि हबशी सरदारांना देत होता. सुलतानाने अट मान्य केली. दख्खनी फौज सरहद्दीच्या राखणीला ठेवून सुमारे सात हजार आफाकी स्वारांनिशी खलफ हसन वऱ्हाडात शिरला. नरनाळ्यातून निसटलेला खानजहान मेहकरला त्याला येऊन मिळाला.

गाठ पडली रोहिणखेडच्या घाटात. खानदेशच्या फौजेने घाट रोखून धरला असता तर घाटावरून येणाऱ्या सैन्याला खाली उतरणे अवघड झाले असते. पण ती फळी फुटली आणि त्यानंतर बुऱ्हाणपूरपर्यंत आडवे येणारे काही उरले नाही. नासिरखान राजधानीकडे पळाला, खलफ हसन त्याच्या मागावर राहिला. बुऱ्हाणपूर लुटले गेले आणि तिथल्या वाड्यांना आग लावण्यात आली. नासिरखानाने धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याचा आसरा घेतला. तिथेही त्याचा पराभव झाला आणि त्याच साली तिथेच त्याचा मृत्यू झाला. गुजरातची कुमक येत असल्याचे कळताच खलफ हसन लूट आणि हत्ती घेऊन परतला. खानदेशचे राज्य टिकले, पण वऱ्हाड बहमनींकडेच राहिला.

या विजयाचा परिणाम बिदरमध्ये खोलवर झाला. दरबारात आफाकींना उजव्या बाजूचा मान मिळाला, दख्खनी आणि हबशी डाव्या बाजूला गेले. या दोन गटांतले वैर आधीपासून होते, आता त्याला उघड रूप आले. पुढे खलफ हसन कोकणात शिर्क्यांच्या मुलखात खेळण्याकडे, म्हणजे विशाळगडाकडे, जाताना दगा होऊन मारला गेला. त्या मोहिमेतून वाचलेल्या आफाकींची दख्खनी सरदारांच्या चिथावणीने चाकणला कत्तल झाली. बहमनी राज्य आतून पोखरणाऱ्या या दुहीच्या वाटेवर रोहिणखेड हा एक ठळक टप्पा आहे.

१५९१ : गादीचे युद्ध, सरहद्दीवरचा निकाल

बहमनी राज्य फुटल्यावर वऱ्हाडात इमादशाही आली. १५७४ साली मूर्तझा निजामशहाने ती बुडवून वऱ्हाड अहमदनगरला जोडला. खानदेशच्या सुलतानाने इमादशाहीच्या एका दावेदाराची बाजू घेतली, तेव्हा निजामशाही फौज बुऱ्हाणपूर आणि असीरगडापर्यंत गेली आणि मोठी खंडणी घेऊन परतली. आता निजामशाही आणि खानदेश हे थेट शेजारी झाले होते.

१५८८ साली मूर्तझाचा त्याच्याच मुलाने खून केला. वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. जमालखान या महदवी सरदाराने इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला गादीवर बसवून सत्ता आपल्या हाती घेतली. जौनपूरच्या सय्यद मुहंमद यांना महदी मानणारा महदवी पंथ तेव्हा दख्खनमध्ये बळावला होता. आफाकींवर संकट आले आणि त्यांतले अनेक विजापूरला गेले. फेरिश्ताही त्यांत होता. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा मूर्तझाचा भाऊ. तो काही वर्षे अकबराच्या आश्रयाला होता. मुलाच्या नावाने दुसराच राज्य करतो हे पाहून तो गादीसाठी दक्षिणेकडे निघाला. अकबराने मोगल फौज देऊ केली होती. परक्या सैन्यामुळे दख्खनचे सरदार बिथरतील, असे सांगून बुऱ्हाणने ती नाकारली. त्याऐवजी त्याने खानदेशच्या राजा अलीखानाची आणि विजापूरची मदत घेतली.

जमालखानाला दोन आघाड्यांवर लढावे लागले. दक्षिणेत धाराशिवजवळ त्याने विजापूरच्या दिलावरखानाला हरवले आणि लगेच इस्माईलला बरोबर घेऊन उत्तरेकडे धाव घेतली. वऱ्हाडातले निजामशाही सरदार तोवर बुऱ्हाणला मिळाले होते. रोहिणखेडच्या घाटाची नेहमीची वाट अडवलेली होती, त्यामुळे जमालखानाला अवघड आडवाटेने सैन्य खाली उतरवावे लागले. दिवस वैशाखाचे होते. घाटाखालचे ऊन आजही माणसाला सोसवत नाही. चिलखते घातलेल्या आणि पाण्यावाचून चाललेल्या सैन्याची त्या उन्हात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. तहानेने व्याकुळ झालेली फौज पाण्यापाशी पोचल्यावर लढाई जुंपली. महदवी जिद्दीने लढले, पण गोळी लागून जमालखान पडला आणि त्याच्या सैन्याचा धीर सुटला. इस्माईल बापाच्या हाती लागला. बुऱ्हाण निजामशहा दुसरा म्हणून तो बाप अहमदनगरच्या गादीवर बसला. जुन्या गॅझेटियरमध्ये ही लढाई १५९० सालची म्हटली आहे. हिजरी ९९९ च्या रजब महिन्याचा हिशेब मांडला तर ती १५९१ च्या मे महिन्यात येते.

लढाईनंतरचा प्रदेश

बुऱ्हाणला गादी मिळाली तरी राज्याला स्थैर्य मिळाले नाही. १५९५ साली तो वारला आणि वारसाचा वाद पुन्हा पेटला. एका गटाने शाहजादा मुराद याच्या मोगल फौजेला बोलावले. चांदबिबीने अहमदनगर लढवले, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. रोहिणखेडला विजय मिळवून देणारा राजा अलीखान १५९७ साली मोगलांच्या बाजूने लढताना गोदावरीकाठी पडला. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकींचे राज्य संपले. दोन शेजाऱ्यांनी दोन शतके ज्या सरहद्दीसाठी माणसे गमावली, ती पाच-सहा वर्षांत दोघांनाही परकी झाली. शेजारच्यांची भांडणे तिसऱ्या बलवान सत्तेला दार उघडून देतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण या प्रदेशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. याच अस्थिर काळात, १५९८ साली, घाटावर सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या घरी जिजाबाईंचा जन्म झाला.

या प्रदेशाचे लष्करी महत्त्व यानंतरही संपले नाही. १७२४ साली याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा आरंभ त्या विजयापासून मोजतात. १७६१ साली रघुनाथरावांच्या फौजेकडून लुटले जाऊ नये म्हणून मलकापूरला साठ हजार रुपये भरावे लागले.

आज पाहण्यासारखे

रोहिणखेडमधली सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधलेली दगडी मशीद. ती आकाराने लहान पण देखणी आहे आणि तिचा काळ शिलालेखावरून निश्चित होतो. दुसऱ्या लढाईपूर्वी नऊ वर्षे ती उभी राहिली, म्हणजे जमालखान आणि बुऱ्हाण यांच्या फौजा लढल्या तेव्हा ती इथे होती. बांधणारा महदवी पंथाचा आणि त्या लढाईत हरलेला पक्षही त्याच पंथाचा. म्हणून निजामशाहीतल्या महदवींच्या उदयास्ताचा हा दगडी पुरावा ठरतो. साखरखेर्ड्याची मशीदही खुदावंदखानाच्याच नावाशी जोडली जाते. दोन्ही एकत्र पाहिल्या तर निजामशाही काळातल्या वऱ्हाडी बांधकामाची चांगली ओळख होते.

मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे मलकापूर हे सोयीचे स्थानक. तिथून मोताळ्यामार्गे रोहिणखेडला जाता येते. बुलढाण्याहून येणाऱ्यांना राजूर घाट उतरावा लागतो. त्या उतारावर पठाराची कड आणि खाली पसरलेले पूर्णेचे खोरे एका नजरेत येते, आणि दोन्ही फौजांना रोहिणखेडच्या घाटासाठी का लढावे लागले ते तिथे उभे राहिल्यावर सहज उमगते. जिल्ह्यातले पर्यटन बहुतेक लोणार, शेगाव आणि सिंदखेडराजा यांच्याभोवती फिरते. मशीद, घाटाची जुनी वाट आणि देऊळघाट ही ठिकाणे एकत्र जोडून त्यांची माहिती जागेवर लावली, तर शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना वऱ्हाड, खानदेश आणि दख्खन यांचा सामाईक इतिहास एका दिवसात समजून घेता येईल. रोहिणखेडचे ऐतिहासिक मोल तेवढे निश्चित आहे.