तीस मीटरांची धावपट्टी

विमानाला किती लांब धावपट्टी हवी, हे मुख्यतः ते किती वेगाला जमीन सोडते यावर ठरते. हा वेग निम्म्यावर आणता आला, तर लागणारी जागा सुमारे चौथाई होते; कारण बाकी परिस्थिती समान असताना अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपल्या मुलांनी नववीत शिकलेले गतीचे समीकरणच येथे लागू पडते.

कमी वेगात उडण्यासाठी हलके वजन, जाड छेदाचा पंख आणि पुरेशा शक्तीचे इंजिन लागते. पंखाच्या पुढील कडेवर एक अरुंद पट्टी बसवितात. तिच्या फटीतून वाहणारी हवा पंखाच्या पाठीला धरून राहते. त्यामुळे विमानाचे नाक बरेच वर उचलले तरी पंखाची उचल टिकते. मागील कडेच्या झडपा खाली वळविल्या, की ही उचल आणखी वाढते. ख्रिस हाइन्ट्झ यांनी रचलेले ‘झेनिथ सीएच ७०१’ हे दोन आसनी विमान सुमारे ३० मीटरांत जमीन सोडते. त्याचे सुटे भाग घेऊन हौशी मंडळी ते स्वतः जोडतात. अशी स्वहस्ते बांधलेली विमाने बहुधा ‘प्रायोगिक’ वर्गात मोडतात.

महाराष्ट्रात हा वर्ग सर्वसामान्यांना परिचित झाला तो कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. त्यांचे सहा आसनी विमान अल्प धावपट्टीसाठी रचलेले नव्हे. परंतु प्रायोगिक विमानाची वाट कशी असते, हे त्यावरून कळते. मुंबईतील कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ते बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी-उड्डाण, असा त्याचा प्रवास झाला. आपल्या चौसाळ्यावरून जाणारा महामार्ग त्याच धुळ्याला पोहोचतो.

प्रदर्शनापासून आकाशापर्यंत साडेचार वर्षे लागली. तपासणी आवश्यकच आहे, कारण तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. मात्र एवढा काळ सोसण्याचे बळ प्रत्येक घरात नसते. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातील कुशल मुलासाठी ही प्रतीक्षाच सर्वांत लांब धावपट्टी ठरेल. रचनाकार धावपट्टी ३० मीटरांवर आणू शकतो. प्रतीक्षा कमी करणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे.