फार्मसी कॉलेजच्या आधीचे बिनपगारी तास

जुलै उजाडला की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. अमेरिकेत फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीच्या प्रवेशअर्जांचा हंगाम आलेला असतो आणि मुलांच्या आधी आयाच बोलतात. "व्हॉलंटियरिंगचे किती तास लागतात गं? दोनशे पुरतील?" मी इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, दर गुरुवारी संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जाते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात.

या प्रश्नाचं मूळ मला कळतं. आपल्याकडे बी.फार्म.चा प्रवेश म्हणजे मुख्यतः सीईटीचे गुण आणि कॅपच्या फेऱ्या. अमुक पर्सेंटाइलला अमुक कॉलेज. त्या सवयीनं वाटतं, इथे तासांचाही कट-ऑफ असणार. तसा सरसकट कट-ऑफ नाही. बहुतेक कॉलेजं आरोग्यक्षेत्रातल्या अनुभवाची शिफारस करतात, सक्ती करत नाहीत. काही मोजकी करतात, म्हणून प्रत्येक कॉलेजच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. मात्र पीकॅट ही प्रवेशपरीक्षा २०२४ च्या सुरुवातीला कायमची बंद झाली, आणि तेव्हापासून गुणपत्रकाबरोबर शिफारसपत्रं, निबंध, मुलाखत आणि अनुभव यांनाच तोलून बघितलं जातं. अनेक कॉलेजांना एकाच वेळी अर्ज करण्याची जी फार्मकॅस नावाची सोय आहे, तिच्या फॉर्मात ठिकाण, तारखा, तास आणि तुम्ही नेमकं काय केलंत, हे भरायचं असतं. या शेवटच्या रकान्यातच बहुतेक मुलं अडकतात.

दुसरा गैरसमज, अनुभव फार्मसीतलाच हवा आणि तिथे गोळ्या हाताळायला मिळायला हव्यात. औषधं मोजणं, भरणं हे टेक्निशियनचं काम आहे, आणि त्याचे नियम राज्याचं फार्मसी बोर्ड ठरवतं. बऱ्याच राज्यांत त्यासाठी नोंदणी लागते, काही ठिकाणी प्रशिक्षण किंवा परीक्षाही. स्वयंसेवकाच्या हाती ते काम कुणी देत नाही, आणि देऊही नये. औषधं हाताळायला शिकायचे तास नंतर येतातच. फार्म.डी.च्या चार वर्षांत सुरुवातीचे किमान ३०० आणि शेवटच्या टप्प्यातले किमान १४४० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावंच लागतं, त्याशिवाय कॉलेजला मान्यता मिळत नाही. आधीच सगळं येत असावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते. आजारी माणसाजवळ हा मुलगा थांबू शकतो का, एवढंच बघायचं असतं.

त्या दृष्टीनं हॉस्पिस ही फार मोलाची जागा आहे आणि आपली मुलं तिकडे वळतच नाहीत. शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या या संस्थांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे, रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांनी भरले पाहिजेत. म्हणजे त्यांना माणसं हवीच असतात. तिथे वाचून दाखवायचं, पाणी द्यायचं, नुसतं बसायचं. घरी ठेवलेल्या मॉर्फिनच्या बाटलीकडे बघून घरच्यांच्या मनात काय भीती दाटते, हे तिथे बसल्यावर दिसतं. शिवाय डीईए या अमली पदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे जुनी औषधं परत घेण्याचे दिवस २०१० पासून सुरू आहेत, बहुधा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. तिथेही हात लागतात. घराघरांत किती औषधं न वापरता पडून राहतात, ते खोक्यांत डोकावल्याशिवाय कळत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

"ओळखीच्या काकांची फार्मसी आहे. तिथे फुकट काम केलं तर काय बिघडलं?" बिघडतं. १९३८ च्या कामगार कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यात बिनपगारी 'स्वयंसेवक' ठेवता येत नाही. मोठ्या साखळी दुकानांत जाऊन विचारलं तर नकार येतो, तो उगाच नसतो. दोन दिवस फार्मासिस्टच्या शेजारी उभं राहून नुसतं बघायला मिळू शकतं, त्याला शॅडोइंग म्हणतात. पण शेल्फ लावणं, गल्ल्यावर उभं राहणं हे काम झालं, आणि कामाला पगार द्यावा लागतो. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावरच्या मुलांसाठी हा धोका दुप्पट आहे. जी जागा एरवी पगारी असते तिथे फुकट राबणंही विनापरवाना नोकरी समजली जाऊ शकते. काकांना मदत करायला जाऊन मुलाचा व्हिसा अडचणीत येईल, हे काकांच्याही ध्यानात नसतं. या मुलांनी ना-नफा हॉस्पिटलं, मोफत दवाखाने, सरकारी संस्था यांच्याकडेच जावं. लहानपणी इथे आलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या घरांतल्या मुलांना टेक्निशियनची नोकरी धरता येत नाही, त्यांना हाच एक दरवाजा उघडा असतो. तो जपून वापरा.

ज्यांना नोकरीचा परवाना आहे त्यांच्या घरी उलटा गैरसमज असतो, की पगार घेतला तर अनुभव धरत नाहीत. धरतात. टेक्निशियनची पगारी नोकरी हा उत्तम अनुभव आहे. घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलानं ती सोडून मुद्दाम बिनपगारी काम शोधायची काहीच गरज नाही.

"पुढच्या सोमवारपासून जातो" असंही होत नाही. आधी अर्ज, मग चौकशी, हिपा कायद्याखालच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण, लशींचे कागद आणि टीबीची तपासणी. भारतात जन्मलेल्या मुलांची गाडी बरेचदा याच शेवटच्या दोन गोष्टींवर अडते. जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी टीबी नसतानाही फुगू शकते. मग एक्स-रे, मग धावपळ. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, तेव्हा पहिल्यांदाच तीच मागून घ्या. कांजण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही, आणि तिथल्या एमआर लशीत गालगुंड येत नाही. लसकार्ड काढून बघा, काय राहिलंय ते मे महिन्यातच कळेल. ऑगस्टमध्ये कळून उपयोग नाही.

मराठी-हिंदी येतं म्हणून पेशंटचा दुभाषी होता येईल, हेही मनातून काढा. औषधोपचाराचं बोलणं पात्र दुभाष्यानंच करायचं असतं. आजींना लिफ्टपर्यंत पोचवताना मात्र मनसोक्त मराठी बोला, त्यांनाही बरं वाटतं.

आणि तास. एका उन्हाळ्यात चार ठिकाणी ऐंशी-ऐंशी तास करण्यापेक्षा एकाच जागी वर्षभर दर आठवड्याला तीन तास जा. शिफारसपत्र त्यातूनच मिळतं. नातेवाइकांनी दिलेलं पत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि पंधरा दिवसांत तुम्हाला ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

आमच्या दवाखान्यात एक कॉलेजातला मुलगा वर्षभर येत होता. खुर्च्या मांडायच्या, लोकांनी पिशवीत आणलेल्या औषधांच्या बाटल्या टेबलावर ओळीनं ठेवायच्या, लेबलं वाचून यादी लिहायची, एवढंच त्याचं काम. एका गुरुवारी एका बाईंनी किराणाच्या पिशवीतून सात बाटल्या काढल्या. एका बाटलीवर झेस्ट्रिल लिहिलं होतं. दुसरीवर लिसिनोप्रिल, आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं, झेस्ट्रिलचं जेनेरिक. दोन वेगळ्या दुकानांतून आलेल्या. एक सकाळी घेते, एक रात्री, असं बाई सांगत होत्या. तो त्यांना काहीच बोलला नाही. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे आला. "मावशी, जरा येतेस?" रक्तदाबाचं एकच औषध त्या दोनदा घेत होत्या. डॉक्टरांनी दाब तपासला, एक बाटली बंद केली. तोवर तो खुर्च्यांकडे परत गेला होता.

पुढे त्याचा फार्मकॅसचा फॉर्म मी बघितला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, पेशंटना मदत केली, १४० तास. मी विचारलं, "दर गुरुवारी तू काय करायचास?" तो सांगत गेला. मग आधीचं खोडून त्यानं टाइप केलं, बाईंचं नाव-गाव काहीही न घालता : औषधांच्या बाटल्या मांडायच्या, लेबलावरची बारीक अक्षरंही वाचायची, यादी करायची, शंका आली तर पेशंटला काही न सांगता फार्मासिस्टला बोलावून आणायचं.