जुन्या डेस्कटॉपला आधी एसएसडीच का?

डेस्कटॉप रखडायला लागला की पहिला विचार येतो प्रोसेसर बदलायचा, आणि पैसे तिथेच अडकतात. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. जुन्या बोर्डावर तो प्रोसेसर नीट बसतो, फक्त मशीन सुरू होत नाही. रॅमचंही तसंच: डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८, मधली खाचही वेगळ्या जागी.

साटा एसएसडीला मात्र हार्ड डिस्कचीच केबल, तोच एल आकाराचा कनेक्टर चालतो. ‘बोर्ड साटा-२चा आहे, एसएसडी निम्म्या वेगानेच चालेल,’ ही शंका रास्त आहे. पण खरा फायदा वेगळाच आहे. ७२०० आरपीएमची तबकडी हवी ती जागा हेडखाली आणायला सरासरी ४ मिलीसेकंद घेते, हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून साटा-२वरही फरक लगेच जाणवतो. एनव्हीएमई याहून वेगवान खरी, पण कित्येक जुन्या बायोसना तिच्यावरून बूटच करता येत नाही.